केसभर

बाहेर उणे सत्तेचाळीस.
आत रेडिएटर इतका तापलेला
की रात्री कपाटाचं लाकूड बोटं मोडतं.

याकुत्स्कमधल्या, खांबांवर उभ्या इमारतीत
तिसऱ्या मजल्यावर माझी खिडकी:
एक नेचा, दोन कॅलेथिया, सहा व्हायोलेट,
आणि बीपासून वाढवलेलं लिंबू,
अकरा वर्षांत एकदाही न फुललेलं.

ऑक्टोबरात हीटिंग सुरू झालं
की पहिली बातमी नेच्याला लागते.
टोकं तपकिरी,
चहात बुडवून काढल्यासारखी.
मी पाणी घालत गेले, घालत गेले.
मुळं कुजली, टोकं तशीच.
तहान हवेची होती
आणि मी माती भिजवत होते.
(माणसांशीही असं केलंय मी. ते राहू दे.)

हवामान केंद्रात एकवीस वर्षं आकडे लिहिले,
शेवटी मीच यंत्र केलं.
चहाच्या डब्याचा पत्रा, एक खिळा,
काट्याला शिवणाची सुई,
आणि साइआनाचा एक केस.
ती व्लादिवोस्तोकला निघाली
त्या सकाळी कंगव्यात राहिलेला.

केस ओल्या हवेत लांबतो, कोरड्यात आखडतो.
शंभराला दोन, फार तर अडीच.
तेवढ्यावर काटा हलतो.
केंद्रात फिके, बारीक केस वापरायचो.
हिचा काळा, राठ, हट्टी.
चालतो.

पहिल्या दिवशी काटा अकरावर.
रेडिएटरवर ओला टॉवेल टाकला: एकोणीस.
लेना नदीचे गोटे ताटात, गोट्यांखाली पाणी,
कुंड्या वर, बूड कोरडं,
सगळी झाडं खांद्याला खांदा लावून: सव्वीस.
फवारा मारला की काटा उडी मारायचा
आणि दहा मिनिटांत परत,
व्हायोलेटच्या पानांवर नुसते डाग ठेवून.

मग मला हाव सुटली.
प्लास्टिकचा पडदा, तीन पातेली, दोन टॉवेल.
चौसष्ट!
काचेला आतून बोटभर बर्फ धरला,
कपाटामागचा कोपरा काळा पडला,
खालची ल्यूकेरया वर आली, वास घेतला,
काही न बोलता खिडकीची वरची झडप उघडली.
थंडी पांढऱ्या धुरासारखी जमिनीवरून चालत आली.
लिंबाने त्या रात्री सगळी पानं टाकली.

तेव्हापासून चाळीस.
नेच्याला कमी, भिंतीला जास्त,
दोघांनी कुरकुरत मान्य केलं.

गेल्या जानेवारीत बॉयलर बंद पडला.
गॅसची शेगडी जिन्यात फक्त माझी,
म्हणून सगळे माझ्याकडे:
ल्यूकेरया, न्यूरगुन, त्याच्या जुळ्या मुली,
चौथ्या मजल्यावरचा किरगीझ टॅक्सीवाला बाक्तिबेक,
सगळे कोटांसकट.
किटली रात्रभर उतरली नाही.
कुणी घोड्याचं मटण शिजवलं,
कुणी सासूबद्दल बोललं, कुणी झोपलं.
काटा पंचेचाळीस, पन्नास, त्रेपन्न.

खोली गार पडली की काटा तसाही चढतो.
मला माहीत आहे. आकडे लिहिलेत मी.
पण किटली होती, आणि नऊ माणसांचे श्वास होते,
आणि नेच्याची एक मुठीसारखी मिटलेली फांदी
पहाटे चार बोटं उलगडली होती.

जुळ्यांपैकी एकीने बोट पुढे केलं.
“केसाला धक्का लावू नकोस!”
मी इतक्या जोरात ओरडले
की बाक्तिबेक जागा झाला.
मुलगी म्हणाली, कुणाचा आहे?
मी म्हटलं, यंत्राचा.

साडेचारला नळ्या खडखडल्या.
आठपर्यंत सगळे गेले, कप ओट्यावर,
काटा हळूहळू चाळीसवर, मग अडतीस.
मी टॉवेल भिजवला.

साइआनाचा फोन रविवारी.
तिच्याकडे समुद्र. म्हणते, कपडे वाळत नाहीत,
बुटांना बुरशी येते, भिंती घामेजतात.
“तुझ्याकडे किती, आई?”
“अडतीस.”
“बरं आहे ना?”

केस थकतो. तीन वर्षांनी बदलावा, असा केंद्राचा नियम.
हे सहावं चालू आहे.
काटा थोडा खोटं बोलतो हल्ली,
किती, ते मी पाठ केलंय,
बेरीज करून वाचते.

“उन्हाळ्यात ये,” मी म्हटलं.
“आणि येताना तुझा कंगवा आण.
नको, धुऊ नकोस.”