नमुना सही

बँकेनं माझा चेक परत पाठवला: सही जुळत नाही.
एकतीस वर्षं जी दक्षिण वॉर्डात
जन्ममृत्यूच्या खिडकीमागे बसून
मी लोकांना हेच ऐकवलं.
आता माझ्या सूर्यकांतमधला रफार
वाटेल त्या अक्षरावर जाऊन बसतो.

त्या दुपारी वही घातली.
डावीकडे नाव, उजवीकडे सही,
मध्ये तारीख आणि कागद कुठला ते.
पणजोबांपासून सुरुवात.

माझगावच्या गोदीत तो भिवा रामा.
गावच्या खतात भिवा बिन रामा सुतार.
ताडवाडीच्या भाडेपावतीवर भिकाजी;
वसुलीवाल्याला भिवा अपुरा वाटला असावा.
आडनाव बरंच पुढचं.
आजोबांना शाळेत घालताना मास्तरांनी विचारलं, गाव कुठलं?
आणि आसोली दप्तरात जाऊन बसली.
मग असोलकर, आसुलकर, अन्सोलकर,
डोंबिवलीच्या चुलत्यांचे असोडकर.
ते म्हणतात, आमचा तुमचा संबंध नाही.
लग्नपत्रिका मात्र येते.

सही नव्हती त्याला.
खतावर एक पटाशी काढलीय, बोटाच्या पेराएवढी,
खाली दुसऱ्याच्या अक्षरात: निशाणी पटाशी.
नंतर पगारपत्रकावर जांभळा अंगठा,
अंगठा,
अंगठा,
आणि मार्च छत्तीसला एकदम
भीवा.
दीर्घ.
रात्रशाळेत कुणी हात धरला, ठाऊक नाही.
टाक इतका दाबलाय
की पानामागे नाव उलटं वर आलंय,
लाकडाला खाच पाडावी तसं.
मी पान पालथं करून त्यावरून बोट फिरवलं.
बाकी सगळ्यांनी त्याला ऱ्हस्व लिहिलं.
त्यानं एकट्यानं दीर्घ.
आता बरोबर कुणाचं?
खिडकीत असतो तर म्हणालो असतो,
प्रतिज्ञापत्र आणा.

एक बाई आठवते, कडेवर सहा महिन्यांची पोर.
दाखल्यावर मृण्मयीतला अर्धा ण
मी पुरा करून ठेवला होता.
तिनं तीन खेपा घातल्या.
चौथ्यांदा आली नाही.
ती पोर आता पंचविशीची असेल,
पासपोर्टापर्यंत मृणमयी.

पणजीचं पान सर्वांत अवघड.
माहेरची तानी. लग्नात यशोदा.
शिधापत्रिकेवर येसूबाई.
मृत्यूच्या नोंदीत जसोदा, वय अंदाजे.
मधली बारा वर्षं नुसतीच
‘मजकूर इसमाची बायको’.
तिच्या हातचा कागद एकच,
खोली नावावर करण्याचा अर्ज, सन त्रेचाळीस:
येसूबाई कोम भिवा आसोलकर,
निशाणी बांगडी,
दस्तुर अनंत लाडोबा.
भिवाला जाऊन तेव्हा सतरा दिवस झाले होते.
हातातल्या फोडून झाल्या होत्या.
अनंत लाडोबानं सवयीनं लिहिलं असणार,
बाईमाणसाची दुसरी निशाणी
त्यालाही कुणी शिकवली नव्हती.
टाक तिच्याकडे सरकवला
आणि तिनं काढली.

वहीत उतरवायला मी ट्रेसिंग पेपर लावला.
गोल उजवीकडून निघतो,
खाली येईतो शाई आटत जाते,
आणि जिथून निघाला तिथं पोचत नाही.
तांदळाच्या दाण्याएवढी फट राहते.
माझी पेन्सिल तिथं आपसूक पुढं सरायला लागली,
सगळी अपुरी कागदपत्रं पुरी करायची सवय.
तशी उचलली.

उद्या बँकेत जायचंय.
फॉर्मवर सहीसाठी तीन चौकोन आहेत,
तिन्ही सारख्या हव्यात म्हणे.