साहलीची नळी

फेब्रुवारीत नंदुरबारला मिरची वाळत पडायची,
पथारीच्या पथारी, रुळांच्या पलीकडे,
आणि वारा फिरला की आमच्या प्रयोगशाळेत
चोवीस जणांना एकदम शिंका.
खैरनार सर ओरडायचे,
पिपेट तोंडात असताना शिंकू नका रे,
रक्त आहे ते, उसाचा रस नाही.

डीएमएलटीचं पहिलं वर्ष.
नळीत आम्ल, खालच्या खुणेपर्यंत.
डाव्या हाताची अनामिका, स्पिरिट, सुई,
पहिला थेंब पुसून टाकायचा,
दुसरा आपला.
मग दहा मिनिटं थांबायचं.
त्या दहा मिनिटांत नाजमीन पिंजारी
मेंदीच्या कोनांचा हिशेब करायची
आणि मोगी वळवी बाकावर डोकं टेकून झोपायची.
सोमवारी ती मोलगीहून पहिल्या जीपने आलेली असायची,
टपावर बसून.

रक्त तांबडं राहत नाही.
तपकिरी होतं, गुळाच्या कोऱ्या चहासारखं.
त्यात थेंब थेंब पाणी घालत जायचं
बाजूच्या काचेशी रंग जुळेपर्यंत,
खिडकीपाशी उभं राहून.
बल्ब खोटं बोलतो, सर म्हणायचे.

माझं लवकर जुळलं. आठ पूर्णांक चार.
नाजमीनचं नऊ.
हर्षाली गिरासेचं, जिच्या घरी दोन म्हशी,
नऊ पूर्णांक दोन. मोगीचं सात.
सर फळ्यावर लिहीत गेले आणि मध्येच थांबले.
चुकताय तुम्ही. पाणी कमी पडतंय.
पुस्तकात बाईचं बारा ते पंधरा आहे.
पुन्हा करा.

पुन्हा. आता मधलं बोट.
आठ पूर्णांक चार. नऊ. सात.
दोन मुलांपैकी एकाचं चौदा आलं
तर आम्ही टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या.

तेवढ्यात सुपडाबाई फडकं घेऊन आली,
बघत उभी राहिली, म्हणाली,
मनं बी देखी ले ना व माय, रगत शे का नई.
दुपारनंतर ती मिरचीचे देठ खुडायला जायची,
बोटात मुरलेला लाल रंग
स्पिरिटच्या बोळ्याने निघेना.
सुई दोनदा मारावी लागली.

सहा.

सकाळपासून तिने तीन मजले पुसले होते.
सरांनी नळी स्वतः उजेडात धरली,
चष्मा वर केला, खाली केला,
आणखी पाणी घालायला ड्रॉपर उचलला
आणि ठेवून दिला.
फळ्यावर सहा लिहिलं नाही.
आधीचे आकडेही पुसले नाहीत.
मावशी, डॉक्टरला दाखवा, एवढं म्हणाले.
ती हो म्हणाली आणि बादली उचलली.

जर्नलमध्ये मात्र मी साडेबारा लिहिलं.
मागच्या बॅचच्या जर्नलवरून उतरवलं,
सगळ्यांनीच. बारा पूर्णांक दोन, तेरा, साडेबारा.
मोगीनेसुद्धा तेरा.
बाहेरचे परीक्षक आले, पंख्याखाली बसले,
पानं उलटली. दहापैकी नऊ.
एक मार्क अक्षरासाठी कापला.

आता धडगावला मी मशीनवर बसते.
मशीनला खिडकी लागत नाही.
कागद निघतो, आकड्यासमोर बारीक बाण, खाली वळलेला,
आणि दुपारपर्यंत ट्रेमध्ये
बाणांची चळत लागते.
माझं मी त्यानंतर कधी बघितलं नाही.

लाईट गेली की कपाटातून ती नळी काढते.
शहाद्याची एक पोरगी शिकायला येते, तृषाली,
काल विचारत होती,
मॅडम, सहा पॉइंट दोन येतंय, पुन्हा करू?
कर, म्हटलं.
तिने केलं.
मग मी उठले, तिच्याशेजारी खिडकीशी उभी राहिले.
बाहेर बाकावर ती बाई,
मांडीवर मूल, मुठीत केसपेपर.
रंग अगदी जुळलेला होता.
लिही, म्हटलं.
पेन्सिल नको. पेनाने लिही.