मादी, फळं धरणारी

एप्रिल सरता सरता लोक येतात रोपवाटिकेत
चिखलाच्या बुटांनी,
आणि जो सगळ्यांत उंच, सगळ्यांत निळा
त्याच जुनिपरला हात घालतात.

मी म्हणतो, आधी कुंडीतून उपसून बघा.
मुळं गोल गोल फिरून स्वतःलाच बांधून बसली असतील
तर झाड जमिनीत गेलं तरी कुंडीतच राहतं.
मग फांद्या सारा, आत डोकवा.
आतला तपकिरी रंग वयाचा, तो चालतो.
शेंडे तपकिरी असतील
तर पैसे खिशात ठेवा.

ओरिसारेहून हिल्वे आली बसने,
ऐंशीला दोन कमी, हातात रिकामी बादली.
कसलं हवं, पसरणारं की उभं?
म्हणाली, मादी. फळं धरणारी.

नर शोधायला नको, सारेमा बेटभर तेच आहेत,
मे महिन्यात पिवळी धूळ आपणहून दारात येते.
पण जुनिपरला घाई नसते, मी म्हटलं,
आज धरलेलं फळ हिरवंच राहतं,
पुढच्या शरदात निळं होतं,
कधी त्याच्याही पुढच्या.
तिचे ओठ हलले, हिशेब केल्यासारखे.
मग तिने वाकडं, बुटकं, कुणी न घेतलेलं रोप उचललं:
त्यावर आधीच सात फळं होती.

पाणी किती?
पहिली दोन वर्षं, मग विसर.
ते मला शिकवायला नको, ती म्हणाली.

नोव्हेंबरात गेलो तिच्याकडे सुतळी घेऊन,
ओल्या बर्फाने फांद्या फाटू नयेत म्हणून बांधायला.
अंगणाच्या वाटेवर एक जुना जुनिपर
एका बाजूने उघडा, करडा, हाडासारखा.
आर्वोने कापला, ती म्हणाली,
वाट अडते म्हणून, हिरवं संपून पार लाकडापर्यंत.
फुटेल पुन्हा, म्हणाला होता.
मी काहीच बोललो नाही.
जुन्या लाकडातून जुनिपर पुन्हा फुटत नाही,
हे तिला सोळा हिवाळे माहीत होतं.

आत तिने पावावर लोणी लावून दिलं
त्याच फांदीच्या सुरीने.
कापल्याच्या आठवड्यातच घडवली होती त्याने,
घाबरून, बहुतेक.
सुरीला अजून वास होता,
मिरीचा, आणि थोडा पावसात भिजलेल्या पेन्सिलीचा.

बाहेर ते बुटकं रोप
उघड्या बाजूला लागून नव्हतं लावलेलं, मला वाटलं होतं तसं.
ते पार दुसऱ्या टोकाला, उन्हात.
सातांतली पाच फळं उरली होती.
दोन पाखरांनी नेली, ती म्हणाली,
मोजत होते मी.