पंधरा मीटर

ठराव मंगळवारी रात्री मंजूर झाला, सात विरुद्ध चार.
बुधवारी सकाळी मी मोजणीचं चाक घेऊन गेलो,
दर मीटरला टक् करणारं.
भिंतीपासून मोजायचं की पायरीपासून,
हे कागदात कुणी लिहिलंच नव्हतं.
चर्चचा राखणदार ऑनोरियो म्हणाला, पायरीपासून.
मी म्हटलं, बरं.

पंधरावी टक् लाँड्रीच्या उंबऱ्यात पडली.
मालकीण म्हणाली, म्हणजे माझी अर्धी यंत्रं आता पवित्र?
मी पिवळा रंग ओतत राहिलो.
ऑन्टारिओत ऑक्टोबरात रंग लवकर वाळत नाही.

फिलोमेना सोळाव्या मीटरवर उभी राहू लागली.
फलकावर तेच: चर्चच्या इमारतीतून एकवीस घरं बाहेर.
आधी ती थेट पायरीवर असायची, भोंगा घेऊन.
एका रविवारी आत मुलांचा पहिला प्रसाद चालला होता,
पांढऱ्या झग्यातली एक पोर भोंग्याला घाबरून
बाकाखाली शिरली, तासभर निघेना.
ते खरं.
एकवीस घरंही खरी; एकात माझा मेव्हणा होता.
चाकाला यातलं काही कळत नाही.

एप्रिलात फिलोमेनाची आई गेली.
हिवाळ्याच्या मिठानं रेषा खाल्ली होती,
मी डबा घेऊन आलो होतो, तेवढ्यात गारठलेला पाऊस.
काळ्या कोटात ती रेषेशी थांबली, फलकासकट.
सवयीनं आणला, म्हणाली.
हातात असला तर दंड,
खाली ठेवला तर मी लेक. असंच ना?
मी खिशातला कागद काढला, परत ठेवला.

तिनं फलक नळखांबाला टेकवला,
अक्षरं रस्त्याकडे करून,
आणि आत गेली.
दार उघडं राहिलं. गाणं बाहेर आलं,
पंधरा ओलांडून, सोळा, सतरा,
पार बसथांब्यापर्यंत.
ते कुणी मोजलं नाही.

मग ऑनोरियो बाहेर आला, डोक्यावर टोपी नाही.
लाँड्रीतून एक पिशवी मागून आणली,
इस्त्रीच्या कोटांवर घालतात ती, पारदर्शक,
आणि फलकावर चढवली.
खालून गाठ मारली.
माझ्याकडे बघितलं नाही.

पुढच्या रविवारी ती पुन्हा सोळाव्या मीटरवर होती,
पिशवी घडी करून खिशात.
ऑनोरियोनं दार लावलं, नेहमीसारखं, जरा जोरात.

माझ्या नोंदवहीत त्या दिवसापुढे एवढंच:
हवा ओली. रेषा आखली नाही.