काना

नारायण पेठेत, डायऱ्या बांधायच्या दुकानावर
आमची खोली. खळीचा वास जिन्यापासून सोबत येतो.
टेबलं दोन, माणसं तिघं,
एक जण कायम खिडकीच्या कट्ट्यावर.
गुरुवारी वीज गेली की लॅपटॉप घेऊन
समोरच्या दवाखान्यात बसतो. तिथे इन्व्हर्टर आहे,
आणि कंपाउंडर मोघे काही विचारत नाहीत.

माझं काम शुद्धलेखन.
आणि नावं बदलणं.

झुरू तिकडून बोलतो.
टेकडीवर एक मोह आहे, त्याच्या दुसऱ्या फांदीवर बसलं
की दोन काड्या रेंज मिळते.
तो सांगतो, मी उतरवून घेते:
किती जण आले, कुठल्या गाडीतून,
कुणाच्या कणगीत रॉकेल ओतलं.
मध्येच तो गप्प होतो.
कोंबडा, वारा, कधी लांबचं इंजिन.
तेव्हा मीही श्वास धरून ठेवते,
नऊशे किलोमीटर अलीकडे, पंख्याखाली.

सुरुवातीला मी साक्षीदारांना इथलीच नावं द्यायचे,
सोसायटीच्या पाट्यांवरची. सुनेत्रा. वैजयंती.
झुरू हसला. ‘ताई, इकडं असा नाव कोनाचाच नाही.
लोक म्हनतील, बातमीच खोटी.’
मग त्याच्याच जुन्या टिपणांतून एक उचललं:
सोमरी.
विहिरीच्या आडोशानं जिनं सगळं पाहिलं होतं
तिच्या अंगावर ते पांघरलं,
पुढे कंसात लिहिलं, नाव बदललं आहे,
आणि खाली जाऊन चहा प्यायले.

अठरा हजार जणांनी वाचलं.
कुणी शिव्या दिल्या, कुणी पाचशे रुपये पाठवले.

नवव्या दिवशी त्यांनी सोमारीला उचललं.
शेजारच्या गावची. वय एकोणीस.
बाजाराला निघालेली, डोक्यावर चिंचेची टोपली.
तिनं काहीही पाहिलं नव्हतं.
कंस त्यांनीही वाचला असणार.
पण त्यांना एक सोमरी हवी होती,
आणि काना-मात्रेची चिकित्सा
हे आमचं पुणेरी दुखणं, त्यांचं नव्हे.

चार दिवस.
वकिलांचे फोन, आयोगाला ईमेल,
‘साहेब मीटिंगमध्ये आहेत.’
खाली यंत्र पुढच्या वर्षाच्या डायऱ्या कापत होतं,
तीनशे पासष्ट कोऱ्या तारखा एका दणक्यात,
पुन्हा तीनशे पासष्ट.
मी जेवत होते. झोपतही होते, हे सांगायला हवं.

पाचव्या दिवशी झुरूनं फोन तिच्या तोंडाशी धरला.
ती तिच्या भाषेत, तो मागून मराठीत:
‘विहिरीवरच्या बाईला मी ओळखते.
चारही दिवस तेच विचारत होते.
मी नाव घेतलं नाही.’

मला माफी मागायची होती.
तुमच्यात माफीला काय म्हणतात, मी झुरूला विचारलं.
तो म्हणाला, ‘आधी ती काय म्हनते ते लिहा.’

‘माझी बातमी माझ्या नावानं द्या.
आणि नीट लिहा. सोमरी कोण?
मी सोमारी.’

रात्री अकरापर्यंत भांडलो.
तन्वीर म्हणाला, नको, पुन्हा नेतील.
हेमांगी म्हणाली, नेलं होतं ते आपण दिलेल्या नावानं.
मग कुणीच बोललं नाही. चौकातून शेवटची बस गेली.

मी पडद्याकडे बघत बसले.
आयुष्यभर लोकांच्या चुका काढल्या,
लाल पेननं, थोड्या गुर्मीतच.
म च्या पुढे बोट नेलं
आणि एक उभी रेघ दिली.
कंस पुसला.

मग वाटलं, री पहिली की दुसरी?
झुरूला फोन लावला. तो झाडावरच होता.
‘थांबा,’ म्हणाला,
‘तिलाच विचारतो.’