जमा पावती

आचारसंहिता लागली की माझी बाराबोर
विक्रोळी ठाण्यात नेऊन देतो.
हवालदार धुरी नळीत डोकावतात,
काडतुसं मोजतात. दहा.
गेल्या निवडणुकीतही दहाच.
"गवाणकर, ही फुटते तरी का?"
सगळे हसतात. मीही.

एकोणीस वर्षं बँकेच्या दारात उभा होतो.
पेन्शनवाल्या बायका तिच्याशेजारी पिशवी टेकवून
पासबुक भरून आणायच्या.

काल नातवाचा फोन. टेक्सास. सहा वर्षांचा.
शाळेत नवा खेळ शिकवलाय म्हणाला:
दिवे बंद, कपाटामागे बसायचं,
शिंक आली तरी गिळायची.
"आजोबा, तुमच्याकडेपण बंदूक होती ना?
मग बँकेत सगळे कुठे लपायचे?"

लेक म्हणाली, इथे ती दुकानात मिळते,
मासे धरायच्या गळांच्या पुढच्या रांगेत.
मग म्हणाली, जेवलात का?

धुरींनी पावती फाडली. शिक्का नीट उमटेना,
पुन्हा मारला.
विचारलं, साहेब, निकालानंतर
परत नाही नेली तर?
"त्यालाही चार फॉर्म लागतात, गवाणकर."

रिकाम्या खांद्याने पायऱ्या उतरलो.
समोर मिरच्या कांडत होते कुणी.
शिंक आली.
का कोण जाणे, गिळली.