घट

सावद्याला केळीच्या वजनकाट्यावर
सकाळी सातपासून मी घड बघतो.
आकडा काटा सांगतोच, मी नुसता हात फिरवतो
आणि बोलत जातो: हा भरला, ही रास,
ही वापटी, काढ बाजूला.
सतरा वर्षं हेच. तोंडाला सवय लागते,
तंबाखूची लागते तशी.

घरी आलो तरी तोंड तेच.

जागृती आठवीत गेली त्या उन्हाळ्यात
कोकिळाआत्याच्या पोराच्या हळदीला
नवा पिवळा ड्रेस घालून पुढे आली, गोल फिरली,
आणि मी चारचौघांत म्हणालो,
"वा! यंदा कांदेबाग चांगलाच भरला!"
सगळे हसले. तीही हसली.
मला वाटलं, हसली.

नंतर घरात काय काय बदलत गेलं
ते मला उशिरा कळलं, तेही तुकड्यांनी.
शेवभाजीतला रस्सा तेवढा ती घ्यायची,
शेव ताटाच्या कडेला
फुगून फुगून लगदा व्हायची.
डब्यातली पोळी शाळेमागच्या गाईला.
आरसा भिंतीकडे तोंड करून.
ज्योत्स्ना म्हणायची, "खा ना गं,
हाडं दिसायला लागली, लोक काय म्हणतील?"
आत्या फोनवर, "दोनच्या वर देऊ नको तिला,
आपल्यात अंग लवकर सुटतं व माय."
एका ताटावर दोन हुकूम.
आणि मी, हात धुता धुता,
"काय चाललंय रोजरोज?"

वही सापडली ती दिवाळीच्या आवराआवरीत.
गणिताची, पण मागच्या पानापासून सुरू केलेली.
तारीख. आकडा. तारीख. आकडा.
माझ्या पावतीबुकासारख्याच उभ्या रेघा,
आणि शेवटच्या रकान्यावर
माझ्या वळणाच्या अक्षरात
एकच शब्द: घट.

आमच्यात दांड्याचं वजन कापतात, त्याला घट म्हणतात.
दांडा कोणी खात नाही, म्हणून कापतात.
तेरा वर्षांच्या पोरीला
स्वतःत दांडा कुठे सापडला?

वही मी होती तिथे ठेवली.
दोन दिवस माझे आकडे चुकत होते.
हुसेन तडवी म्हणाला, "भाऊ, काटा आधी शून्यावर घ्या,
कालची माती आहे पाट्यावर."

थंडी पडली. बामणोदला साडूच्या शेतात भरीत ठरलं.
पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी काळी होऊन
सुस्कारे सोडत होती.
साल काढताना बोटं भाजत होती सगळ्यांची.
बडगीत मुसळ कुणी चालवायचं, तर जागृती उठली.
कोपरं वर गेली, खाली आली,
आणि माझ्या जिभेवर आलं,
बघ, अंगात जोर नाही, खात नाहीस ना.
ते गिळलं.
मग आलं, आता कशी शहाण्यासारखी.
तेही गिळलं.
एवढे शब्द एका दमात गिळायची
सवय नाही मला, ठसका लागला.

म्हणालो, "मिरची जास्त झाली का, बघ बरं."
तिने बोटावर घेतलं, जिभेवर ठेवलं,
डोळे बारीक केले.
"मिरची बरोबर आहे. मीठ कमी."
मी मीठ दिलं. तिने पुन्हा चाखलं.
"अजून थोडं. आणि पात घाला ना, बाबा."

कळण्याची भाकरी तिने किती खाल्ली
ते मी मोजलं नाही.
खोटं कशाला बोलू, मोजलं. पाऊण.
पण बोललो नाही.

परतताना ती गाडीवर मागे, स्वेटरची टोपी ओढून.
दोन्ही बाजूंनी बागा, अंधार, पानांची फडफड.
म्हणालो, "त्या हळदीत मी जे बोललो ना..."
वाऱ्यात तिला ऐकू गेलं नाही.
"काय?"
"काही नाही," म्हणालो.

फैजपूरच्या फाट्यावर गाडी बाजूला घेतली.
इंजिन बंद केलं.
मान वळवली, आणि परत पहिल्यापासून
बोलायला लागलो.